घरी टकळी, शाळेत गप्प

शाळेत न बोलणाऱ्या मुलीविषयी दोन साक्षी मिळतात. गुरुजी सांगतात, ‘वर्षभरात हिच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही.’ आई सांगते, ‘घरी हिची टकळी थांबत नाही.’ दोन्ही साक्षी खऱ्या असतात, पण एकाच जागी बसून त्या कोणी ऐकलेल्या नसतात. गुरुजींना मुलगी मंद वाटते, आईला गुरुजी कडक वाटतात, आणि मुलगी तिसऱ्या बाकावर पाटीकडे बघत बसून राहते. बालमानसशास्त्रात या अवस्थेला ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हणतात. काही ठिकाणी, काही माणसांसमोर मूल सहज बोलतं. इतरत्र, बोलायचं असूनही, त्याचा आवाज फुटत नाही. बहुधा पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत याची सुरुवात होते, पण ते लक्षात येतं अंगणवाडीत किंवा पहिलीत, कारण अनोळखी माणसाला उत्तर द्यायची वेळ मुलावर तिथे पहिल्यांदा येते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि पालकांनी लिहिलेल्या लेखांचा हा संग्रह याच मुलांविषयी आहे. अशा विषयावरचं पुस्तक पुण्या-मुंबईत निघालं असतं तर ते सोपं झालं असतं. तिथे बऱ्याचदा मूल घरी जी भाषा बोलतं तीच किंवा तिच्या जवळची भाषा शाळेत असते, त्यामुळे गप्प राहण्याचं कारण भीतीत शोधायला सरळ सुरुवात करता येते. इथे तसं नाही. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत पहिलीत आलेल्या कितीतरी मुलांना गुरुजींचं मराठी कळतच नाही. अशा वर्गात पंचवीसपैकी पंधरा मुलं गप्प असतील, तर त्यांतलं एखादंच वेगळ्या कारणाने गप्प आहे हे कोणाच्या ध्यानात यावं?

ते ध्यानात येत नाही, आणि त्यावर पांघरूण घालायला एक वाक्य तयार असतं : ‘आदिवासी मुलं लाजाळूच असतात.’ शिक्षकांच्या खोलीत, तपासणीच्या शेऱ्यात, कधी कधी डॉक्टरांच्या तोंडीही हे वाक्य येतं. ते प्रेमाने म्हटलेलं असतं म्हणून जास्त घातक. एका झटक्यात ते दोन अन्याय करतं. ज्या मुलांना फक्त भाषा येत नाही त्यांना ते स्वभावाचं लेबल लावतं, आणि ज्या थोड्या मुलांना खरोखर उपचाराची गरज आहे त्यांना त्या गर्दीत लपवून टाकतं. हे पुस्तक माझ्या मते या एका वाक्याशी भांडायला लिहिलेलं आहे.

विषय नवा नाही. १८७७ साली जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी वाणीच्या विकारांवरच्या ग्रंथात अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि त्यांच्या गप्प राहण्याला ऐच्छिक म्हटलं. १९३४ मध्ये स्विस बालमानसोपचारतज्ज्ञ मोरिट्झ ट्रामर यांनी ‘इलेक्टिव्ह म्युटिझम’ हे नाव दिलं. दोघांच्याही मांडणीत एक गृहीत होतं : मूल बोलायचं नाही असं ठरवतं. पुढची चाळीसेक वर्षं मनोविश्लेषणाच्या परंपरेने या गृहीतावर इमले चढवले. घरातलं गुपित, आईची अतिजवळीक, आईबापांवरचा दाबलेला राग, असं सगळं त्या गप्प बसण्यात वाचलं गेलं. त्या काळच्या लेखनात आयांना जी वागणूक मिळाली ती आज वाचवत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत वर्तनवाद्यांनी ‘का’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘कसं बोलतं करायचं’ हा घेतला. त्यांच्या काही युक्त्या आजही उपयोगी आहेत, पण हट्टाचं गृहीत त्यांनीही मोडलं नाही.

ते मोडलं नव्वदीच्या दशकात. ही मुलं नीट तपासल्यावर दिसलं की त्यांतल्या बहुतेकांना सामाजिक भीतीचा विकार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९९४ मध्ये नाव बदललं, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत या अवस्थेला चिंताविकारांच्या गटात हलवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिनेही तेच केलं. हट्टापासून भीतीपर्यंत यायला शास्त्राला शंभरावर वर्षं लागली. आपल्याकडे बऱ्याच वर्गांत अजून १८७७ साल चालू आहे : ‘मुद्दाम करते’, ‘नाटकं आहेत’, ‘दोन द्या, बोलेल’.

ही भीती कशी काम करते ते एकदा समजलं की पुस्तकातले पुढचे लेख आपोआप उलगडतात. म्हणून इथे थोडं थांबतो. गुरुजी नाव विचारतात. मुलीचं अंग ताठरतं, गळा आवळल्यासारखा होतो, चेहरा कोरा पडतो. बाहेरून तो चेहरा बेपर्वा दिसतो, आतून ती घाबरून गोठलेली असते. दोन-चार क्षण वर्ग तिच्याकडे बघतो. मग शेजारची मैत्रीण सांगते, ‘सर, ते बोलत नाही.’ गुरुजी पुढच्या बाकाकडे वळतात आणि मुलीचा जीव भांड्यात पडतो. भीतीपासून सुटका झाली ती गप्प राहिल्यामुळे, हे शरीर लक्षात ठेवतं. असं रोज घडतं. हजेरीला बोलायचं नाही, फळ्यापाशी बोलायचं नाही, पाणी प्यायला जायचं असलं तरी मागायचं नाही. कपडे ओले झाले तरी न मागणाऱ्या मुली असतात. महिन्याभरात मैत्रिणी तिच्या वतीने बोलायला तरबेज होतात. वर्षभरात ती ‘न बोलणारी’ म्हणून शाळाभर ओळखली जाते. त्यानंतर एक नवीच अडचण उभी राहते : समजा एखाद्या दिवशी तिला बोलावंसं वाटलं, तर तो अख्ख्या शाळेचा तमाशा होणार. ‘अरे, बोलली!’ या ओरड्याइतकं भयंकर तिच्यासाठी काहीच नसतं. म्हणून प्रेमळ शिक्षकाचं ‘बोल बाळा, चॉकलेट देतो’ आणि रागीट शिक्षकाची छडी यांचा परिणाम सारखाच होतो. दोन्ही तिच्या आवाजावर सगळ्यांची नजर आणतात.

मुळात ही भीती येते कुठून? एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. काही मुलं जन्मतःच नव्या गोष्टींपुढे बिचकणारी असतात. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी हार्वर्डमध्ये वर्षानुवर्षं अशा मुलांचा मागोवा घेतला. तान्हेपणी जी बाळं नव्या आवाजाने, नव्या खेळण्याने जास्त अस्वस्थ होतात त्यांतली बरीच पुढे संकोची निघतात. घराण्यातही ते उतरतं. नीट चौकशी केली तर बाप किंवा मावशी लहानपणी अशीच होती असं बऱ्याचदा कळतं. काही मुलांच्या उच्चारात किंवा भाषेच्या वाढीत लहानसा दोष असतो, बोललं की हसतात हा अनुभव असतो. आणि काहींच्या वाट्याला परकी भाषा आलेली असते. इस्राएलमधल्या २००३ च्या एका अभ्यासात सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण ०.७६ टक्के आढळलं आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांत २.२ टक्के. भाषा बदलली म्हणून विकार होतो असा याचा अर्थ नाही. बिचकणाऱ्या मुलाला परक्या भाषेत ढकललं की तोल जाण्याची शक्यता वाढते, एवढा अर्थ नक्की आहे.

आघाताचा मुद्दा वेगळा ठेवायला हवा, कारण बाहेरच्या माणसाला या जिल्ह्यांकडे बघून आधी तोच सुचतो. मोहफूल वेचायला गेलेला घरचा माणूस वाघाने नेला, रात्री गावात गोळीबार झाला, आणि त्यानंतर मूल गप्प झालं, असं इथे घडतं. पण अशा वेळी मूल बहुधा सगळीकडेच गप्प होतं, घरीसुद्धा, आणि ते अचानक होतं. त्याला वेगळी मदत लागते. शाळेत गप्प आणि घरी बोलक्या मुलांपैकी बहुतेकांच्या मागे असा प्रसंग नसतो. ‘घरी काहीतरी झालं असेल’ या संशयाने अनेक गरीब आईबापांचा उगाच छळ झालेला आहे.

आता भाषेकडे येऊ, कारण या पुस्तकाचा जीव तिथे आहे. या दोन जिल्ह्यांत भाषांची जी दाटी आहे ती महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. दक्षिण गडचिरोलीत माडिया, उत्तरेला आणि चंद्रपुरात गोंडी, जिवती-कोरपन्याकडे कोलामी, सिरोंच्यात तेलुगू, कोरची-कुरखेड्यात छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीतल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. आणि मराठी म्हणावी ती झाडीबोली. तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी म्हण’ असं दहा जणांदेखत दहा वेळा सांगितलं की ज्याची मातृभाषा मराठीच आहे तेही तोंड मिटून घेतं. या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं रंगतात, त्यांना हजारो माणसं येतात, आणि तीच बोली वर्गात अशुद्ध ठरते, हे मला कधी उमगलेलं नाही.

माडिया आणि गोंडी या द्राविड कुळातल्या भाषा. त्यांचा मराठीशी शेजार आहे, नातं नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार नोंदले गेले, तरी गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्यांनी करावी असं संविधानाचं कलम ३५०-क १९५६ पासून सांगतं. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मार्लवाईला मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनमाला तयार झाल्या. आज चंद्रपूरचा भाग असलेला राजुरा तेव्हा त्याच आदिलाबादेत होता. म्हणजे ही कल्पना आपल्या घरच्या उंबरठ्यावर येऊन गेली होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, हेही या संदर्भात आठवतं. १९७३ मध्ये हेमलकशाला गेलेल्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना दवाखाना चालवण्यासाठी आधी माडिया शिकावी लागली. तिथे शब्द नसलेले, खुणांनी बोलणारे डॉक्टरच होते. त्यांना कोणी लाजाळू म्हटलं नाही. अलीकडे, २०१९ मध्ये, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच काढली. तिला मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाने नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. गावाला कळलेली गोष्ट नियमात बसत नव्हती.

भाषेमुळे गप्प आणि भीतीमुळे गप्प यांतल्या फरकाबाबत अमेरिकन निदानपुस्तिका स्पष्ट आहे. गप्प राहणं महिनाभर तरी टिकलं पाहिजे, शाळेचा पहिला महिना त्यात धरायचा नाही, आणि ती भाषा न येणं किंवा तिच्यात मोकळं न वाटणं हे कारण असेल तर निदान करायचं नाही. कागदावर हे नेटकं दिसतं. नवी भाषा ऐकणारं मूल काही महिने बोलत नाही, नुसतं ऐकतं, हे जगभर दिसलेलं आहे आणि तो आजार नाही. पण हे महिने कसे जातात यावर पुढचं ठरतं. त्या काळात हसणं, दटावणं, उभं करणं वाट्याला आलं तर भाषा शिकून झाल्यावरही तोंड उघडत नाही. भाषेचं गप्प राहणं संपतं आणि त्याच जागी भीतीचं सुरू होतं, आणि बाहेरून सांधा दिसत नाही. पुस्तिकेने ज्यांच्यात रेघ ओढली आहे त्या दोन गोष्टी भामरागडच्या वर्गात एकमेकींच्या पोटात सापडतात.

वेगळं ओळखायचं कसं? मुलाची भाषा येणारं मोठं माणूस शाळेत आणून बसवायचं आणि नुसतं गप्पा मारू द्यायचं. मूल त्याच्याशी घडाघडा बोललं तर प्रश्न मराठीचा आहे. हातवारे करतं, हसतं, खेळात ओरडतं, तरीही चिंता नको. पण आपल्याच भाषेतल्या माणसापुढे, शाळेच्या आवारात, महिनोन्‌महिने गोठून राहिलं, आणि घरी मात्र बोलत असलं, तर भीतीचा विचार करावा. त्याआधी कान तपासावेत. कान वाहणारी मुलं इथे कमी नाहीत, आणि न ऐकू येणं हे न बोलण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

आणखी एक शक्यता उरते, ती शिक्षकांना सहसा सुचत नाही. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज वसाहतीत सुझन फिलिप्स यांनी मूळनिवासी मुलांचे वर्ग पाहिले. एकेकट्याला उभं करून विचारलं की मुलं गप्प, गटात काम दिलं की बोलती. त्यांच्या घरी शिकण्याची रीतच निराळी होती : आधी बघायचं, मग एकट्याने करून पाहायचं, जमलं की दाखवायचं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न कोणी का विचारावा, हे इथल्या गोटुलात (गावच्या सामूहिक घरात), शेतात, जंगलात मोठ्यांच्या मागे फिरून शिकलेल्या मुलालाही कोडंच वाटत असणार.

उपचारांविषयी पुस्तकात बरंच आहे, म्हणून इथे एकच सांगतो. मॅगी जॉन्सन आणि ॲलिसन विंटजेन्स या ब्रिटिश वाचातज्ज्ञांच्या २००१ च्या मार्गदर्शिकेतून रूढ झालेली पद्धत अशी : रिकाम्या वर्गात मूल आईशी बोलत खेळतं, दार किलकिलं राहतं, काही दिवसांनी शिक्षिका दारापाशी येते, मग आत, मग खेळात. प्रश्न नाहीत, कौतुक नाही, डोळ्यांत डोळे नाहीत. पद्धत चांगली, पण तिचा पायाच आई आहे, आणि आश्रमशाळेत आई नसते. सहाव्या वर्षी निवासी शाळेत आलेल्या मुलीची आई दोन-तीन नद्यांपलीकडच्या गावात असते. मग आईची जागा कोण घेणार? या संग्रहातले सर्वांत मोलाचे लेख याचं उत्तर देतात. चौथीत शिकणारी गावची ताई, स्वयंपाकघरात माडियातून बोलणारी स्वयंपाकीण, रात्रपाळीचे कामाठी. मूल कुजबुजतं ते यांच्याशी, आणि मुलांच्या प्रगतीविषयीच्या बैठकीला नेमकं यांनाच कोणी बोलावत नाही.

लोकांना विचारलं तर काय बदलतं ते एका दवाखान्यात दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या शोधग्राममधलं माँ दंतेश्वरी रुग्णालय आदिवासी गावासारखं, झोपड्यांच्या धर्तीवर उभं राहिलं, कारण मोठ्या इमारतीला आणि पांढऱ्या डगल्यांना लोक भितात असं त्यांनीच सांगितलं होतं. मोठ्या माणसांची ही भीती मान्य करून आपण इमारत बदलू शकतो. सहा वर्षांच्या मुलीसाठी निदान हजेरीची पद्धत बदलता यावी. ‘हजर’ म्हणण्याऐवजी हात वर केला तरी चालेल, एवढ्यानेही तिचा दिवस वेगळा सुरू होतो.

हे पुस्तक आत्ताच का, असं कोणी विचारेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. त्याच वेळी आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून मुलं ‘नामांकित’ इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पहिलीपासून पाठवली जात आहेत. माडियातून थेट इंग्रजीत, तेही घरापासून शेकडो किलोमीटरवर. पालकांची इच्छा समजण्यासारखी आहे, त्यांना नावं ठेवायचा अधिकार इंग्रजी शाळेत नातवंडं घालणाऱ्यांना तर नाहीच. पण बिचकणाऱ्या मुलासाठी याहून अवघड रचना ठरवूनही करता येणार नाही. दुसरीकडे, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत तपासणीला येतात. ही मोठी संधी आहे. मात्र अनोळखी पथकापुढे हे मूल बोलणार नाहीच, आणि तक्त्यात ‘वाचादोष’ किंवा ‘मतिमंद’ यांपैकी एका रकान्यात खूण होऊन बसेल, हा धोकाही तितकाच.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. गुण देऊन निदान करायचा तक्ता नाही, तो मागणारे बरेच असतील तरी. निदान तज्ज्ञाने करावं. शिक्षकाने नोंद ठेवावी : मूल कुठे, कोणाशी, कोणत्या भाषेत, किती मोठ्याने बोललं. अशी महिन्याभराची वही जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेली तर तिचा उपयोग कोणत्याही चाचणीहून जास्त होतो. औषधांवर एकच लेख आहे आणि तो आखूड आहे. मोठ्या मुलांत, इतर उपाय थकल्यावर, चिंता कमी करणारी औषधं कधी कधी दिली जातात आणि ती उपयोगी पडतात. इथे संपादकांनी जरा जास्तच हात आखडता घेतला असं मला वाटतं.

दुसरा मतभेद मोठा आहे. काही लेखकांचं म्हणणं, अशा मुलाला सरळ घरी पाठवावं आणि गावातल्या जिल्हा परिषद शाळेत घालावं. पहिली-दुसरीपुरतं मला ते पटतं, जिथे गावात शाळा उरली आहे तिथे. पण तिसरीनंतर घरी पाठवलेलं मूल परत येत नाही, विशेषतः मुलगी, आणि मग भीती बरी होण्याआधी शिक्षणच संपतं. संपादकांनी दोन्ही बाजू छापल्या आहेत. माझं मत वसतिगृहातच उपाय करण्याच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी पावसाळ्याचे महिने मोजून धरावे लागतील. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तज्ज्ञ येत नाही, आई येत नाही, गडचिरोलीला जाणं तर दूरच. त्या दिवसांत अधीक्षिका आणि स्वयंपाकीण दोघींनी मिळून काय करावं याचा लेख शेवटून दुसरा आहे. शिक्षकांनी पुस्तक तिथूनच उघडलं तरी हरकत नाही.